म्होरकीचा दोरा

मिंको त्सोनेव आमच्याच गावचा. त्याच्या आणि माझ्या घराच्या मधे फक्त एक गोठा. त्याचा बाप मेंढ्या राखायचा, माझा बाप आलुबुखाराची दारू गाळायचा, त्यामुळं दोन्ही घरांचं एकमेकांवाचून चालायचं नाही. पुढं आम्ही दोघंही एल्होवोला मेंढपाळ संघाच्या कचेरीत चिकटलो. मी दारावर, तो आत यंत्रांवर. मी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघायचो. तो तीन ओळी बघायचा.

संघाकडं पाच तालुक्यांतल्या मेंढरांची नोंद. मेंढराच्या कानात पिवळा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, आणि तो नंबर आमच्या यंत्रात. यंत्रात नंबर नसला तर ते मेंढरू जन्मलंच नाही असं धरायचं. ते विकता येत नाही, कापता येत नाही, दुसऱ्याच्या रानात नेता येत नाही. खिडकीवर कागद छापून हातात पडला की मग गाडी हलते.

यंत्रं तीन, मागच्या गार खोलीत लोखंडी मांडणीवर. आणली तेव्हा त्यांच्यावर नुसते आकडे होते. मिंकोनं ते खरवडून काढले आणि बापाच्या तीन मेंढ्यांची नावं दिली: वाकला, सिव्का आणि बेल्का. तिघींत एक म्होरकी. नोंद तिनं घ्यायची, बाकीच्या दोघींनी तिचं बघून उतरवून घ्यायची. म्होरकी पडली तर राहिलेल्या दोघी आपसात ठरवतात आणि त्यातली एक म्होरकी होते. तिघींतल्या दोघी उभ्या आहेत तोवर कळप चालतो, एकटीच राहिली की जागेवर बसतो. हे मला मिंकोनं शंभरदा सांगितलं. मला कळलं ते एकोणचाळिसाव्या वेळेला, पुढं मी नुसती मान हलवली.

त्याचं काम म्हणजे विचारपूस. काळ्या स्क्रीनवर एक कमांड टाइप करायची, एंटर मारायचं, की तीन ओळी यायच्या. वाकला, चालू, म्होरकी. सिव्का, चालू. बेल्का, चालू. अर्ध्या तासानं परत तेच. सगळं इंग्रजी अक्षरांत, पण मिंकोनं त्या शब्दांना आमच्या बोलीत बसवलं होतं. यंत्रं देणाऱ्या कंपनीनं भिंतीवर लाल-हिरव्या दिव्यांचा एक पडदाही दिला होता. मिंकोनं त्याच्यावर जुना टॉवेल टाकला.

"दिवा काय, कुणीबी लावतो," तो म्हणायचा. "मेंढीला विचारायचं. तिनं तोंडानं सांगितलं पायजे."

त्या एका कमांडीतली अक्षरं त्याच्या कीबोर्डवरनं झिजून गेली होती. बाकीची बटणं नव्यासारखी. न्याहारीची बानित्सा, चीज भरलेली पोळी, तो डाव्या हातानं खायचा, उजवा कमांडीसाठी राखून ठेवायचा. खांदे पुढं आलेले, डोळ्यांखाली पिशव्या. एकसष्टी व्हायची होती, पण चालताना तो सत्तरीचा दिसायचा. झोपेतही त्याची बोटं हलतात असं त्याची बायको तोंका सांगायची. "मला वाटायचं मला हात लावतोय," ती म्हणायची, "तर ह्यो उशीवर टाइप करतोय."

हे खूळ त्याच्या मागं लागायला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी तीन यंत्रं नव्हती, एकच होतं. सेंट जॉर्जच्या सणाला मिंको गावाकडं कोकरू भाजायला गेला आणि इकडं ते यंत्र पडलं. दीड दिवस. आवारात चाळीस गाड्या कोकरांनी भरलेल्या, कागद नाही म्हणून एक हलेना. कोकरं तहानेनं ओरडून ओरडून गप झाली, ते गप होणं ओरडण्यापेक्षा वाईट. मेंढपाळांनी मिंकोला शिव्या दिल्या त्या मी दारावरनं ऐकल्या. आईच्या, बहिणीच्या, मेंढीच्या. तेव्हाचा साहेब त्याला सगळ्यांदेखत म्हणाला, "तू जागेवर असतास तर हे झालं नसतं." त्यानंतर संघानं तीन यंत्रं घेतली, एक पडलं तर दुसऱ्यानं उचलावं म्हणून. यंत्रं तीन झाली, पण मिंकोच्या डोक्यात ते एकच राहिलं. तो जागेवरनं हललाच नाही. पाच वर्षांमागं पोरीचं, स्नेझिनाचं, लग्न स्पेनमध्ये झालं, ते त्यानं मोबाइलवर बघितलं. मधीमधी मान वळवून तीन ओळीही बघितल्या.

आता दोऱ्याची गोष्ट. एक मार्चला आमच्याकडं सगळे मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात. मार्तेनित्सा. पहिला करकोचा दिसला किंवा झाड फुललेलं दिसलं की दोरा सोडायचा आणि फांदीला बांधायचा. कचेरीत झाडलोट करणारी गेर्गिनामावशी दरसाल सगळ्यांना दोरे वाटायची, अगदी दारातल्या कुत्र्यालाही. एका वर्षी तिनं एक दोरा म्होरकी यंत्राच्या कडीला बांधला. मिंकोला ते पटलं. त्यानं नियमच करून टाकला: दोरा दिसला त्या यंत्राला कुणी हात लावायचा नाही. झाडू मारणारानं नाही, वायरमननं नाही, साहेबानं नाही. पण करकोचा आला तरी मिंको तो दोरा सोडायचा नाही. वर्षभर तिथंच, धुळीनं काळा पडलेला.

गेर्गिनामावशीला हे सोसायचं नाही. "अरं, दोरा वेळेवर सोडंना त्येचं पाय बांधलेलंच राहत्यात," ती म्हणायची. "म्हणून तर तुला दरसाल बसलेला करकोचा दिसतोय. उडता दिसला तर माणूस गावाला जातो. तुला कवा दिसला का उडता?"

"मला खिडकीतनं धुराडं दिसतंय, मावशे, त्यावर त्येचं घरटं. तो बसणारच की."

यंदा गोष्ट वेगळी होती. स्नेझिनाला मुलगी झालेली, तिला बघायला तोंका हिवाळ्यापासून तिकडंच होती. पोर मार्चमध्ये चालायला लागली. पहिल्या पावलाचा पाव करायचा, तो पोरीपुढं लोटत न्यायचा, वाटेत फणी-कात्री-पुस्तक मांडायचं, पोर काय उचलते त्यावरनं तिचा पुढचा धंदा सांगायचा, हे सगळं तोंकानं आजोबासाठी अडवून धरलं होतं. तिनं मिंकोला फोनवर सुनावलं, "आम्ही रविवारपत्तुर थांबतो. पोर आता पळायला लागली, पळतीला पहिलं पाऊल म्हणायची मला लाज वाटती. आला तर आला, न्हाई तर तुझ्या मेंढ्यांच्यातच मर."

मिंकोनं बारा वर्षांत पहिल्यांदा रजेचा अर्ज दिला. आमच्या साहेब रालित्साबाई, शहरातल्या, बोलायला सरळ. त्यांनी अर्जावर सही केली आणि कागद आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला.

"मिंको, ईस्टरच्या कोकरांचे दिवस आहेत," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी दुपारी बाराला तिन्ही यंत्रं आज आहेत तशीच असतील, तर हा कागद तुमचा. आठवड्यात काही इकडचं तिकडं झालं, तर रजा नाही. तुमच्यामागं बघायला दुसरं माणूस नाही माझ्याकडं."

"माणूस हाय," मिंको म्हणाला. "दोब्री हाय की."

दोब्री म्हणजे मी. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग छताकडं बघितलं.

मंगळवारी मिंकोला पोलीस कचेरीत जावं लागलं. त्याचं ओळखपत्र सात वर्षांपूर्वी संपलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. जायचंच नव्हतं कुठं, तर दाखवायचं कुणाला. नवीन आणायला तो दीड तास गेला, तेवढाच. त्या दीड तासात बॅटरीवाला तिहोमिर आला, वीज गेली तरी यंत्रं चालावीत म्हणून त्यांच्याखाली ठेवलेल्या बॅटऱ्या बदलायला. येणार होता बुधवारी, पण त्याचं दुसरीकडचं काम मोडलं म्हणून तो आदल्या दिवशीच उगवला. मी त्याला दार उघडून दिलं. अर्ध्या तासानं तो हात पुसत बाहेर आला.

"एक झाली," म्हणाला. "दोन बॅटऱ्या कमी आणल्यात, त्या सोमवारी."

मिंको आल्यावर मी तसंच सांगितलं. त्यानं विचारलं, "दोऱ्याच्या यंत्राला हात न्हाई ना लावला?"

"तो कशाला लावतोय? त्येला ठावं हाय."

मिंकोनं खुर्चीत बसून कमांड मारली. तीन ओळी आल्या. चालू, चालू, चालू. त्यानं श्वास सोडला आणि नवीन ओळखपत्र मला दाखवलं. फोटोत तो गाडीखाली आलेल्या बोक्यासारखा दिसत होता. मी तसं म्हणालो. "आरं, तो फोटू लई बरा आलाय," तो म्हणाला.

शुक्रवारी सकाळी अकराला त्यानं मला आपल्या खुर्चीत बसवलं. बॅग टेबलाखाली, राजधानीची, सोफियाची बस दीडला, दुसऱ्या दिवशी पहाटे तिथनं विमान. त्यानं अंगात लग्नातला कोट घातला होता. स्वतःच्या लग्नातला. पाठीत तो बसत होता, पोटावर नाही.

"टाइप कर," तो म्हणाला.

मी एका बोटानं टाइप केलं. झिजलेली बटणं असल्यानं अक्षरं दिसत नव्हती, पण ज्यावर अक्षर नाही ते दाबायचं, एवढं सोपं होतं. क्रम तेवढा त्यानं वहीत लिहून दिला होता.

"आता काय आलं ते वाच. मोठ्यानं. सावकाश."

मी बोट ठेवून वाचायला लागलो. माझं इंग्रजी म्हणजे चौथीतल्या पोराचं, एकेक अक्षर लावत जायचं. "वाकला. चालू. सिव्का. चालू. म्होरकी. बेल्का..."

"नीट वाच."

"नीटच वाचतोय. सिव्का, चालू, म्होरकी."

"म्होरकी वाकलाच्या म्होरं असती, दोब्र्या. वरच्या वळीवर."

"मग ये आन् तूच बघ. मला काय सिव्काचा पुळका आलाय व्हय?"

तो वाकला. बघितलं. चष्मा काढून कोटाला पुसला, परत बघितलं. मग मला खुर्चीतनं उठवलं आणि स्वतः बसून कमांड मारली. परत मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा मी म्हणालो, "मारून मारून ती वर न्हाई जायची."

तो उठून मागच्या खोलीत गेला, मी त्याच्या मागं. वाकलाच्या कडीला दोरा नव्हता. तिच्याखाली बॅटरीचा नवा कोरा डबा, प्लास्टिक अजून निघालेलं नाही. मिंको त्या डब्याकडं असा बघत राहिला जसं कुणी घरात परका माणूस झोपलेला बघावा.

"मावशे!" तो ओरडला.

गेर्गिनामावशी बादली घेऊन आली. "काय झालं? उंदीर?"

"हितला दोरा कुटं हाय?"

"झाडावर," मावशी म्हणाली. जराही डगमगली नाही. "मंगळवारी सकाळी करकोचा बघितला म्या. उडता. नदीवरनं येत हुता. म्हणलं, ह्येला सोडवावा एकदाचा. तुझ्या नावानं सोडला आन् आवारातल्या आलुबुखाराला बांधला. जायाचं हाय ना तुला नातीकडं? दोरा बांधलेला ठेवून कोण जातंय?"

मिंकोनं तिहोमिरला फोन लावला. तो फोन त्यानं टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"व्हय, वाकलाचीच बदलली," पलीकडनं तिहोमिर खुशीत सांगत होता. "दोरा काढलेला दिसला, म्हणलं मिंकोदादानं एकदाची परवानगी दिली. चार वर्सं मागं लागलोय तुमच्या. काय फुगली हुती दादा ती बॅटरी! गाभण शेळी बरी. आजून म्हैनाभर राहिली असती तर आगच लागली असती. केबल काढली, बदलली, परत लावली. बरं केलंत दोरा काढून."

मिंकोनं फोन बंद केला. परत स्क्रीनपुढं जाऊन त्यानं यंत्राची रोजनिशी काढली. तिथं होतं ते. मंगळवार, दहा वाजून बेचाळीस मिनिटं. वाकला गेली. अकरा सेकंद. मग सिव्का म्होरकी. अठरा मिनिटांनी वाकला परत आली आणि मुकाट मागं उभी राहिली.

"तीन दिवस," तो म्हणाला. "तीन दिवसांत म्या शंभरदा विचारलं आसंल. शंभरदा तिनं सांगितलं. आन् म्या..."

डोळ्यांनी बघायचं सोडून दिलं होतं त्याच्या, फक्त उघडे राहत होते. तीन दिवसांत दोन हजारांवर कागद छापले गेले होते. कोकरं गेली, गाड्या गेल्या, एकाही मेंढपाळाला अकरा सेकंदांचा पत्ता नव्हता. बारा वर्षं ज्याला भिऊन तो खुर्चीत बसून राहिला, ते मंगळवारी घडून गेलं होतं, आणि घडलं तेव्हा तो पोलीस कचेरीत फोटोसाठी तोंड वर करून बसला होता.

"आता सांगू नगंस," मी म्हणालो. "तिघी चालू हायत. बाईंनी विचारलं तर तिघी चालू म्हण. खोटं न्हाई त्यात."

"इकडचं तिकडं झालं तर रजा न्हाई, म्हणाल्या त्या."

"त्यांना काय कळतंय इकडचं आन् तिकडचं!"

"सोमवारी तिहोमिर येणार. त्येला वाटणार म्होरकी वाकला, आन् सिव्काची केबल उपटणार."

"मंगळवारी उपटली तवा काय झालं?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. हिवाळ्यात नदीकडं बघावं तसं.

बारा वाजता बाई आल्या. त्यानं सगळं सांगितलं. दोरा, करकोचा, फुगलेली बॅटरी, अकरा सेकंद, आणि तीन दिवस त्याला दिसलं नाही तेही. मावशी मधीमधी "माझीच चूक, बाई" म्हणत होती आणि लगेच "पण उडताच हुता तो" असंही म्हणत होती. बाईंनी ऐकून घेतलं. त्यांच्या हातात रजेचा कागद होता. त्याची त्यांनी घडी घातली, उघडली, परत घातली.

"मिंको, मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण हेच मी म्हटलं होतं. सोमवारी अजून दोन बॅटऱ्या बदलायच्या आहेत. तुम्ही नसाल आणि कळप बसला, तर मी काय करू? दोब्रीला एका बोटानं टाइप करायला सांगू?"

"दोन बोटं वापरीन," मी म्हणालो.

मिंकोनं बॅग टेबलाखाली आणखी आत लोटली. खुर्चीत बसला. कमांड मारली, तीन ओळी बघितल्या. कोटाचं बटण सोडलं. मला वाटलं, झालं, संपलं. तोंकाला फोन मलाच करावा लागणार, आणि तिच्या शिव्या मलाच.

खिडकीवर एक मेंढपाळ उभा होता, डोक्यावर लोकरी टोपी, बाहेर गाडी चालू ठेवून आलेला. तो काच वाजवत होता. "ओ, कागद मिळंल का न्हाई? ऐंशी कोकरं उन्हात हायत, तुम्ही काय लग्न ठरवताय आत?"

मिंको उठला. "बाई," तो म्हणाला, "घड्याळ हाय न्हवं हातात?"

"आहे. का?"

"या मागं. दोब्र्या, तू त्याच्या कोकरांचा नंबर घाल. खिडकीवर बसणाऱ्या पोरीला सांग छापायला. आन् छापायचं बटण दाबलं की मला हाक मार."

तो काय करणार ते मला तेव्हा कळलं. ज्या माणसानं बारा वर्षं बॅटरी बदलू दिली नाही, तो सिव्काच्या मागच्या केबलीवर हात ठेवून उभा होता.

"मिंको, नको," बाई म्हणाल्या. "मी ऑर्डर देत नाही याची."

"तुम्ही सांगितलं न्हाई. माझं मीच करतोय."

खिडकीवर नंबर घातला. बटण दाबलं. मी हाक मारली. मिंकोनं केबल उपटली.

सिव्काचा पंखा घरघरत थांबला. खोलीत एकदम आवाज कमी झाला. बाई मोठ्यानं मोजत होत्या, बहुधा त्यांना ते कळतही नव्हतं. तीन, चार, पाच. खिडकीवरनं मेंढपाळ ओरडला, "मेलं का यंत्र? बारा वर्सांमागं माझ्या बापाची कोकरं मारली तुम्ही, आता माझी मारणार का?" सहा. सात. मिंकोनं डोळे मिटले होते. आठ. नऊ. मावशी बादली धरून पुटपुटत होती. दहा. अकरा. बारा.

तेरा म्हणायला बाईंनी तोंड उघडलं आणि बाहेर प्रिंटर खरखरला.

"आलं बाबा एकदाचं," मेंढपाळ म्हणाला. "पेन द्या. ह्यात शाई न्हाई. दुसरं द्या. एक पेन धड ठेवता येत न्हाई तुम्हाला!"

मिंको परत खुर्चीकडं गेला. कमांड मारली आणि या वेळी त्यानं बोट ठेवून वाचलं, माझ्यासारखं, एकेक अक्षर. "वाकला, चालू. सिव्का, बंद. बेल्का, चालू, म्होरकी." मग मागं जाऊन केबल परत लावली. पाच मिनिटं गेली. सिव्का परत आली. तिन्ही चालू.

बाईंनी रजेचा कागद टेबलावर ठेवला. "जा," त्या म्हणाल्या. आवाज थकलेला होता, जसं त्यांनीच बारा वर्षं काढली. "मी काही बघितलं नाही. बस चुकवलीत तर मात्र सोमवारी कामावर या."

"मी बेल्काला नवीन दोरा बांधू?" मावशीनं विचारलं. तिच्या एप्रनच्या खिशात अजून तीन होते.

"न्हाई," मिंको म्हणाला. "दोरा बांधायचा न्हाई. तिहोमिर आला की दोब्र्यानं आधी विचारायचं, म्होरकी कोण. मग जिला म्होरकी म्हणतील ती शेवटाला. आन् विचारल्यावर वाचायचं. सगळं. शेवटच्या अक्षरापत्तुर." मग माझ्याकडं वळून, "तुला वाचायला येळ लागतो ना, ते बरं हाय."

हे माझं कौतुक होतं की टोमणा, मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी त्याची बॅग बसपर्यंत नेली. स्टँडच्या बाहेर विजेच्या खांबावर घरटं, त्यात करकोचा एका पायावर उभा. ढिम्म. मिंकोनं बघितलं, मी बघितलं. "बसलाय," तो म्हणाला. "उभा हाय," मी म्हणालो. बस आली. तो चढताना लग्नातल्या कोटाची शिवण काखेत उसवली, आणि तो तसाच आत जाऊन बसला.

शनिवारी, रविवारी मी दर अर्ध्या तासाला विचारलं आणि सगळं वाचलं. सोमवारी दहाला तिहोमिर आला. आधी सिव्काची बॅटरी बदलली, मग, म्होरकी म्हणून शेवटाला, बेल्काची. बेल्काची केबल निघाली तेव्हा मी दहापर्यंत मोजलं आणि वाकला परत म्होरकी झाली, जिथं बारा वर्षं होती तिथंच. मी ते वहीत लिहीत होतो तेवढ्यात तोंकाचा फोन आला.

"झाला का पाव?" मी विचारलं.

"झाला. पोरीनं फणी उचलली. केस कापणारी व्हनार, म्हणत्यात सगळी. आमच्या घरात पयल्यांदा कुणीतरी केसाचा धंदा करणार."

"आन् मिंको? त्येला काय वाटलं?"

"त्येला काय वाटणार? झोपलाय. परवा आला, खुर्चीत बसला, तसाच झोपला. पाव त्येच्या पायापुढनं गेला, पोर त्येच्या बुटाला धरून पुढं गेली, तरी न्हाई उठला. आजून तिथंच हाय. म्या तर आरसा धरून बगितला श्वास चाललाय का."

"उठवलं न्हाईस?"

"उठवलं की. हलवून हलवून उठवलं. डोळं न उघडताच मला म्हणाला, 'तिघी चालू हायत का?' म्या म्हणलं, 'हायत.' मग म्हणतो, 'म्होरकी कोण?'"

"मग?"

"म्या काय सांगणार? म्हणलं, मीच. तर 'बरं' म्हणाला आन् परत झोपला."